निळा दिसला म्हणून नीलम नव्हे, नीलम नाही म्हणून नकलीही नव्हे

मी बडोद्यात रत्नं तपासण्याचं काम करते. मध्यंतरी एक मावशी सासऱ्यांची अंगठी घेऊन आल्या. घरात सगळे तिला 'नीलमची अंगठी' म्हणत. नातवाच्या फीसाठी ती विकायची होती. बाजारात त्यांना सांगितलं गेलं, "हा नीलम नाही, नकली आहे. सोन्याचे पैसे मिळतील, खड्याचे नाहीत." मावशींनी मला विचारलं, "म्हणजे मामंजींना फसवलं होतं का गं कुणी?"

यातलं अर्धं वाक्य खरं होतं. खडा नीलम नव्हता. पण नकली? ते तपासायला हवं होतं.

पहिलं यंत्र रिफ्रॅक्टोमीटर. खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो, ते हे यंत्र सांगतं. नीलमात एका किरणाचे दोन होतात, म्हणून दोन आकडे मिळतात, साधारण 1.762 आणि 1.770. या खड्याचा आकडा एकच आला, 1.718. हा स्पिनेलचा आकडा. आपले जुने जोहरी लाल स्पिनेलला लालडी म्हणतात, त्याचाच हा निळा भाऊ. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, काठिण्य 8. नीलम 9.

खडा सुटा असेल तर साधा तराजूही बोलतो. हवेत 3.60 कॅरट भरणारा स्पिनेल पाण्यात बुडवून तोलला, तर सुमारे 2.60 भरतो. 4 कॅरटचा नीलम पाण्यात 3 भरतो. मावशींचा खडा कोंदणात होता, म्हणून हा मार्ग बंद होता.

आता खरा प्रश्न, स्पिनेल निसर्गातला की भट्टीतला? ज्वालेत वितळवून बनवलेले निळे स्पिनेल जवळपास शंभर वर्षांपासून बाजारात आहेत. आजीच्या पेटीत 'नीलम' म्हणून असलेले कितीतरी खडे तेच निघतात. त्यांचा आकडा सहसा 1.728 येतो. फरक फक्त एका शतांशाचा, पण तोच निर्णायक. शिवाय त्यांना रंग कोबाल्टने दिलेला असतो, म्हणून चेल्सी फिल्टरमधून ते लालभडक दिसतात.

इथे सावध राहा. फिल्टरमध्ये लाल दिसला म्हणजे कृत्रिमच, असं नाही. व्हिएतनामच्या लुक येनमध्ये आणि श्रीलंकेत निसर्गानेच कोबाल्ट घातलेले निळे स्पिनेल मिळतात, तेही लाल दिसतात. आणि फ्लक्स पद्धतीने बनवलेल्या कृत्रिम स्पिनेलचा आकडा नैसर्गिक खड्यासारखाच येतो. म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नये.

मावशींचा खडा फिल्टरमध्ये लाल दिसला नाही. अतिनील दिव्याखाली चमकला नाही. दहापट भिंगातून पाहिलं, तर आत अष्टफलक आकाराचे बारीक स्फटिक ओळीने बसलेले. हवेचे बुडबुडे कुठेच नाहीत. सगळे साक्षीदार एकच सांगत होते. खडा नैसर्गिक होता, त्याचा रंग लोहामुळे आलेला होता.

मग किंमत? इथेही मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. निळ्या स्पिनेलमध्ये भाव ठरवतो तो रंग. स्वच्छ, झळाळता, कोबाल्टचा निळा सगळ्यात वर. त्यात राखाडी किंवा जांभळट छटा मिसळली की भाव उतरतो. मावशींचा खडा पोलादी निळा होता. म्हणजे लाखांचा नाही, पण शून्याचाही नाही. त्यानंतर पाहायचं वजन, स्वच्छता आणि पैलू. मधोमध खिडकीसारखा फिकट, आरपार भाग दिसत असेल, तर पैलू नीट पाडलेले नाहीत.

'कोबाल्ट स्पिनेल' म्हणून कुणी जास्त दाम मागितला, तर नामांकित प्रयोगशाळेचा अहवाल मागा. अलीकडे फिकट खड्यात कोबाल्ट मुरवून रंग चढवतात. असा खडा द्रवात बुडवून पाहिला, तर रंग पृष्ठभागाशी आणि भेगांमध्ये साचलेला दिसतो. अहवालात 'नैसर्गिक' एवढाच शब्द पुरेसा नाही, रंगावर प्रक्रिया झाली आहे का, हेही लिहिलेलं हवं.

आणि शनीसाठी नीलम घेत असाल, तर तुम्हाला दिलेला खडा नीलमच आहे ना, हे आधी तपासून घ्या. श्रद्धा तुमची, पण पावतीवर खड्याचं खरं नाव असणं हा तुमचा हक्क आहे.

मावशींना मी म्हटलं, "फसवलं की नाही, ते सांगता येणार नाही. विकणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल. पण मामंजींनी आणलेला खडा खरा आहे." त्यांनी अहवाल करून घेतला आणि अंगठी विकली. या वेळी पावतीवर दोन ओळी होत्या. एक सोन्याची, एक खड्याची.