गुडघ्यातली गादी आणि आपला जिना



मला पाच मिनिटं दिली आहेत. विषय घेतलाय गुडघ्याचा. हसू नका, निम्म्या सभागृहाचा तोच विषय आहे!

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, दोन-चार मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्यात बहुतांश पाणीच. तरी तो जन्मभर आपलं वजन पेलतो आणि बर्फावर बर्फ घसरावा त्याहून सहज घसरतो. पण त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून झीज भरून येत नाही. विल्यम हंटर यांनी 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं. बँकेच्या भाषेत, या खात्यातून पैसे फक्त काढता येतात, भरता येत नाहीत.

मग तिथे दुसरा पाणीदार पदार्थ बसवता येईल का? हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी जाळी. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे त्याचंच रूप. पण साधं जेल दाबलं की फुटतं. 2003 मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठात ज्यान पिंग गाँग आणि सहकाऱ्यांनी एकात एक दोन जाळ्या गुंफल्या, एक कडक, एक मऊ. ताण आला की कडक जाळी जागोजागी तुटून जोर पचवते, मऊ जाळी सगळं धरून ठेवते. 2022 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने सेल्युलोजच्या तंतूंत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल भरून जेल केलं. ताण आणि दाब सोसण्यात ते मूळ कूर्चेपेक्षा सरस ठरलं. ते हाडाला घट्ट बसावं म्हणून टायटॅनियमच्या तुकड्यावर जोडलं आणि मेंढ्यांवर चाचण्या सुरू केल्या.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. हे जेल रस्त्यातला खड्डा बुजवावा तसं आहे. सगळा रस्ताच उखडला असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि सध्या गुडघ्यात देतात ते हायलुरॉनिक आम्लाचं इंजेक्शन वेगळं. ते वंगण आहे, नवी कूर्चा नव्हे. जाहिरातीला भुलू नका, डॉक्टरांना विचारा.

आता कबुली. पंचवीस वर्षांपूर्वी लिफ्टच्या खर्चाला सर्वांत मोठ्याने विरोध केला तो मीच. आज आमची ही तिसऱ्या मजल्यावरून आठवड्यातून एकदाच खाली येते. आजही ती वरच आहे. जेल येईल तेव्हा येईल. लिफ्टचा ठराव पुढच्या सभेत मीच मांडणार आहे. अनुमोदन तुम्ही द्या.