नदीची हद्द



मनुष्य स्वतःच्याच हिताहितात आकंठ बुडाला म्हणजे ज्या भूमीवर तो उभा आहे आणि जे पाणी तो पितो, त्यांना स्वतःचा काही धर्म आहे, याचे त्याला विस्मरण होते. आणि या विस्मरणाचे दाखले शोधण्यास आपणा सांगलीकरांना दूर जावयास नको.

कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात जमिनीच्या पोटात पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची जुनी चाल होती. अरुंद तोंडाचे आणि विशाल उदराचे ते पेव एकदा बंद केले की आत हवा खेळत नसे, म्हणून कीडही लागत नसे. भूमीचा गुण ओळखून, तिच्या अनुमतीने चाललेला हा व्यापार होता. परंतु 2005 च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले आणि हळदीची अपरिमित नासाडी झाली. तो पूर शेवटचा ठरला नाही. सांगलीत कृष्णेवर 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी तेथे 57 फुटांच्याही वर गेले, आणि पुढे 2021 साली पुन्हा महापूर आला.

कोयना-वारणेच्या खोऱ्यांत अतोनात पाऊस पडला, धरणांतून विसर्ग वाढला, ही कारणे खरी आहेत आणि त्यांतील तारतम्य जलतज्ज्ञांनी ठरवावे. परंतु वाढलेल्या पाण्याने पसरावे कोठे, याचे उत्तर आपल्या हाती होते. तरीही जेथे ते पसरत असे, त्याच सखल काळ्या रानांत, ओढ्या-नाल्यांच्या काठी, गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट पाडून आपण वस्त्या वसविल्या. खरेदीखत झाले, मोजणी झाली, सातबारावर नाव चढले, आणि ज्या जमिनीची वहिवाट शतकानुशतके नदीकडे होती, ती केवळ नदीचे नाव कोणत्याही दप्तरात नसल्यामुळे आपण बेवारस मिळकत समजलो.

हाच आत्मकेंद्रीपणा शिवारातही दिसतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला बेसुमार पाणी पाजल्याने काळ्या जमिनीतील पाण्याची पातळी वर आली, त्याबरोबर क्षार वर आले, आणि एकेकाळची कसदार राने पांढरी पडून क्षारपड झाली. याच जिल्ह्यात जत-आटपाडीची माणसे पावसाकडे डोळे लावून बसत आली आणि कृष्णेचे पाणी म्हैसाळ-टेंभूच्या योजनांनी उचलून तिकडे न्यावे लागले. एका तालुक्यात पाण्याने जमीन मरावी आणि दुसऱ्यात पाण्यावाचून, याला दैव म्हणता येणार नाही; ज्याला केवळ आपला बांध दिसतो, त्याला शेजाऱ्याची तहान दिसत नाही, आणि कालांतराने स्वतःच्या पायाखालची मातीही दिसेनाशी होते.

आत्ममग्नतेचा खरा तोटा हाच आहे. ती निसर्गाचा घात करते हे तर झालेच, परंतु ज्या स्वार्थासाठी मनुष्य निसर्गाला विसरतो, तो स्वार्थही तिला साधता येत नाही. ज्याने ओढा बुजविला, त्याच्याच उंबऱ्याशी पाणी येते.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, नदीकाठी बांधकामास मनाई करणारी निळी पूररेषा ही सरकारने लादलेली अडचण न मानता शेजाऱ्याची हद्द माना. बुजलेले ओढे मोकळे करण्याचा आग्रह महापालिकेकडे धरा. आणि रानाला पाणी देताना पिकाच्या गरजेपुरतेच द्या. कृष्णेने आपल्याला पुष्कळ दिले आहे. तिची जागा तिला परत देणे, हे आता आपले कर्तव्य आहे.