सेवेचें भांडवल

नागभीड हें रेल्वेचें जंक्शन. गोंदियाहून निघालेली गाडी येथें थांबून पुढें सिंदेवाही, मूल या धानाच्या मुलुखांतून चंद्रपूरकडे जाते. अशा मध्यम वस्तीच्या गावीं चार उत्साही माणसें एकत्र येतात, सेवामंडळ स्थापन करतात आणि घरोघर हिंडून वर्गणी जमवितात. मग थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो. जमलेला पैसा कोणत्या रीतीनें खर्च केला असतां पुढील वर्षीं तोच दुःखी मनुष्य त्याच दारीं पुन्हां हात पसरणार नाहीं? या प्रश्नाचें एक उत्तर याच जिल्ह्यांत, वरोऱ्याजवळ, पाऊणशे वर्षांच्या अनुभवांतून सिद्ध झालें आहे.

१९४९ सालीं वरोऱ्यास महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. तिचे संस्थापक मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे. हिंगणघाट येथें १९१४ सालीं एका सधन घराण्यांत त्यांचा जन्म झाला. ते शिक्षणानें वकील असून वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. एकदां भर पावसांत रस्त्याच्या कडेला पडलेला एक महारोगी पाहून ते भीतीनें दूर झाले, आणि त्या भीतीचीच त्यांना पुढें लाज वाटली. त्या लाजेंतूनच या कार्याचा उगम झाला. कलकत्त्यास जाऊन त्यांनीं या रोगावरील उपचारांचें शिक्षण घेतलें आणि पत्नी साधनाताई व दोन लहान मुलांसह गावाबाहेरच्या खडकाळ, झुडपांनीं भरलेल्या जमिनीवर बिऱ्हाड केलें. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढेंच आरंभींचें भांडवल सांगतात. त्या स्थानास आनंदवन हें नांव मिळालें, व १९५१ सालीं विनोबांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें.

आनंदवनांत आरंभींच विहीर खोदण्याचें काम निघालें. बोटें झडलेल्या हातांनीं खडक फोडावयाचा होता! परंतु पाणी लागलें, भाजीपाला पिकला, आणि मग खरी कसोटी आली. महारोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारांत घेणार कोण? पुढें एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेचे परदेशी तरुण आनंदवनांत येऊन राहिले. त्यांनीं रोग्यांच्या खांद्यास खांदा लावून इमारती बांधल्या. तें पाहून गावकऱ्यांची भीति हळूहळू ओसरली. १९६४ सालीं समितीनें त्याच भूमीवर महाविद्यालय काढलें, आणि ज्या गावानें भाजी नाकारली होती त्याचींच मुलें तेथें शिकावयास येऊं लागलीं. घेणारा देणारा झाला, याहून मोठा हिशेब कोणत्या सेवासंस्थेच्या वहींत लिहिला जाणार?

श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल. श्रमानें सारें भागत असेल, तर वर्गणी हवीच कशाला? परंतु समितीनें असा दावा केला नाहीं. वृद्ध, अंध आणि हातपाय गमावलेले यांच्या पोषणास, तसेंच दवाखान्यास, पैसा लागतोच. सरकारी अनुदान आणि देशांतील व परदेशांतील देणग्या समितीनें स्वीकारल्या आहेत. २००२ सालीं डॉ. विकास आमटे यांनीं 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. त्यांत रोगमुक्त, अंध व अपंग कलावंत गावोगाव कार्यक्रम करूं लागले. तेथें प्रेक्षक तिकीट काढतो तो दया म्हणून नव्हे, गाणें ऐकावें म्हणून. वर्गणी मागण्याच्या रीतींतही मागणाऱ्याचा मान राखतां येतो, हें यावरून दिसतें. मिळालेल्या पैशांतून हातमाग, सुतारकाम, पत्र्याचें काम, शेती असे उद्योग उभे राहिले. दान हें खाऊन संपवावयाचें नसून पेरावयाचें असतें, हा येथील कारभाराचा दंडक.

याच बीजांतून १९६७ सालीं मूल तालुक्यांत सोमनाथचा प्रकल्प निघाला. तेथील उन्हाळी श्रमसंस्कार छावण्यांत हजारों तरुणांनीं कुदळ हातीं धरली. १९७३ सालीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें माडिया लोकांसाठीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना व शाळा वाढविली.

एवढें होऊनही एक गोष्ट पैशानें साधली नाहीं. रोग बरा झाला, तरी अनेकांस स्वतःच्या घराचें दार उघडलें नाहीं. ते आनंदवनांतच राहिले, तेथेंच त्यांचे संसार झाले. ही वसाहत वाढली हें संस्थेचें यश खरें, पण तिच्याबाहेरील समाजाचें तें अपयशही आहे.

वास्तविक आतां भीतीस कारण उरलेलें नाहीं. या रोगाचा जंतु हॅन्सेन यानें १८७३ सालीं शोधून काढला, आणि १९८० नंतर अनेक औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला. सहा महिने किंवा एक वर्ष नियमानें औषध घेतलें असतां रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून इतरांस संसर्ग होण्याचें थांबतें. सरकारी दवाखान्यांत हें औषध विनामूल्य मिळतें. तरीही चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत या रोगाचे नवे रोगी अद्याप आढळतात. कातडीवरील फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यास स्पर्श कळत नाहीं, तो अनेकजण लाजेनें लपवितात, आणि त्या विलंबांतच हातपाय जातात.

नागभीडसारख्या गावच्या सेवामंडळास येथें करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि त्यास मोठा निधि लागत नाहीं. असा चट्टा दिसलेल्या माणसास सोबत करून दवाखान्यांत न्यावें, औषधाचा क्रम पुरा होईपर्यंत त्याची विचारपूस करावी, तो कामास समर्थ असेल तर त्यास काम द्यावें, आणि लग्नाच्या पंगतींत त्याचें पान इतरांच्या शेजारीं मांडावें. ही शेवटची वर्गणी सर्वांत जड आहे, कारण ती खिशांतून काढून देतां येत नाहीं. परंतु ज्या दिवशीं ती गावोगाव जमा होईल, त्या दिवशीं बरा झालेल्या माणसास आश्रय शोधीत वरोऱ्यास जावें लागणार नाहीं.