नांगराचा रहाट



भिवंडीजवळच्या राहनाळ गांवांत मी राहतों. या गांवाचें नांव घेतलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें गोदामें उभीं राहतात : पत्र्याचीं छपरें, मालमोटारींच्या रांगा आणि दूरवरून येणारा यंत्रमागांचा खडखडाट. शिडाच्या नौकेवर बोलण्यास राहनाळचा माणूस कशाला, असें कोणी विचारलें तर माझ्यापाशीं दोन उत्तरें आहेत. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच खाड्यांच्या आश्रयानें झाला, हें पहिलें. दुसरें इतकें भारदस्त नाहीं. माझी चौतीस फुटी नौका गेल्या पावसाळ्यांत तीन महिने येथल्या एका गोदामांत सुताच्या गांठोड्यांशेजारीं उभी होती, आणि तिच्यावर नांगराचा रहाट बसविण्याचें काम तेथेंच झालें. त्या कामाची हकीकत आज सांगणार आहें.

रहाट हा शब्द मीं विहिरीवरूनच उचलला आहे. अलिबाग, नागांव, रेवदंडा या बाजूच्या वाड्यांतून ज्यांनीं रहाटगाडगें पाहिलें असेल, त्यांना फार समजावून सांगावें लागणार नाहीं. नौकेच्या पुढल्या टोकास, म्हणजे नाळेवर, एक चाक असतें. त्याच्या कडेला खोबण्या असतात. नांगराच्या साखळीची एकेक कडी त्या खोबण्यांत बसते, चाक फिरतें आणि साखळी वर येते. इंग्रज खलाशी याला विंडलास म्हणतात. मोठ्या जहाजांवर पूर्वीं उभ्या खांबाला दांडे लावून माणसें तो गोल गोल ढकलीत. छोट्या नौकेवर तें काम आज विजेची मोटर करते.

आतां हा खर्च मीं कां केला तें सांगतों. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्ही उभयतां राजपुरीच्या खाडींत, जंजिऱ्याच्या पूर्वेस, नांगर टाकून झोंपलों होतों. पांच मीटर पाणी, चाळीस मीटर साखळी सोडलेली. मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडून वावटळ उठली. नौकेच्या पाठीशीं किनारा, आणि नांगर चिखलांतून घसरूं लागला. पत्नीनें इंजिन सुरू करून सुकाणू धरलें. मी नाळेवर बसून हातांनीं साखळी ओढूं लागलों. त्या वेळीं माझें वय बासष्ट होतें. दहा-बारा मीटर आल्यावर लाटेनें नाळ उचलली, साखळी हातांतून सुटली आणि डाव्या हाताचें मधलें बोट ती आणि कठडा यांच्यामध्यें सांपडलें. साखळी सोडून देऊन निघून जावें असा विचार केला, तर तिचें आंतलें टोंक नौकेला लोखंडी बोल्टानें जोडलेलें, आणि तो बोल्ट गंजून घट्ट बसलेला. अखेर हाताला फडकें गुंडाळून, दोरीला आंकडा लावून, ती दोरी मागच्या शिडाच्या विंचवर घेऊन दोन-दोन मीटर साखळी ओढली. पाऊण तास लागला. खडकांवरचा फेस विजेरीच्या उजेडांत दिसूं लागला होता. उजाडल्यावर चहा पितांना पत्नी एवढेंच म्हणाली, “एक तर रहाट बसवा, नाहीं तर नौका विका. पुन्हां मी हें पाहणार नाहीं.”

समुद्राची खरी परीक्षा दूरच्या दर्यावर होते असें आपण समजतों. २०१२-१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून १५१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीहि वाटेंत कोठेंच न थांबतां. त्याआधीं २००९-१० मध्यें त्याच नौकेंतून दिलीप दोंदे एकट्यानें प्रदक्षिणा करून आले. त्यांनीं चारच बंदरें घेतलीं. आमच्यासारख्या किनाऱ्या-किनाऱ्यानें हिंडणाऱ्यांचें तसें नाहीं. आम्हांला रोज संध्याकाळीं नांगर टाकायचा आणि रोज सकाळीं उचलायचा. त्यांतून आपल्या किनाऱ्याची भरती मोठी. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशीं पाणी चार-साडेचार मीटर चढतें. ओहोटीला चार मीटर पाणी असेल तर भरतीला साडेआठ, त्यांत नाळेची उंची सव्वा मीटर मिळवा, आणि साखळी त्याच्या पांचपट सोडावी हा नियम धरा; पन्नास मीटरांच्या जवळ जातां. म्हणून माझ्याकडे साठ मीटर साखळी आहे.

याच आंकड्यावरून रहाटाची शक्ति ठरवावी. दुकानदार नौकेची लांबी विचारतो आणि कोष्टकांत बोट ठेवून यंत्र दाखवितो. त्यावर विसंबूं नये. आठ मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सुमारें एक किलो चारशें ग्रॅम भरते. साठ मीटरांची चौऱ्याऐंशी किलो, माझा नांगर सोळा किलोंचा, एकूण शंभर. याची तिप्पट, शक्य तर चौपट, ओढ यंत्राच्या अंगीं असावी. म्हणजे तीनशें ते चारशें किलो. मात्र जाहिरातींत ठळक छापलेला आंकडा हा कमाल ओढीचा असतो. यंत्र जी ओढ बिनतक्रार चालवितें ती त्याच्या साधारण एक-तृतीयांश असते, आणि ती बारीक टाइपांत शोधावी लागते. मीं एक हजार वॉटची मोटर घेतली.

चाकाची आणि साखळीची जोडी जमणें हें याहूनहि महत्त्वाचें. दहा मिलिमीटरच्या साखळ्या बाजारांत दोन मापांच्या मिळतात : जर्मन मापांत कडीची आंतली लांबी २८ मिलिमीटर, आंतरराष्ट्रीय मापांत ३०. दिसायला दोन्ही सारख्या. पण एकीच्या चाकावर दुसरी घातली कीं कांहीं कड्या बसतात, कांहीं उसळतात, आणि नेमक्या ओढीच्या वेळीं सबंध साखळी सरसर समुद्रांत जाते. माझी आठ मिलिमीटरची. दहा कड्या ताणून टोंकापासून टोंकापर्यंत मोजल्या, त्या २५६ मिलिमीटर भरल्या. दोन्ही टोंकांची जाडी वजा केली कीं एका कडीस २४ येतात. तो आंकडा लिहून नेला आणि मगच चाक मागितलें.

आडव्या आंसाचा रहाट घ्यावा कीं उभ्या? उभ्या आंसाचा दिसायला सुबक, साखळी त्याच्या चाकाला अर्धा वेढा घालते, म्हणून पकड चांगली; पण मोटर खालीं साखळीच्या कोठडींत, ओलाव्यांत लोंबत राहते. आडव्यांत सगळें यंत्र वरच असतें. पकड मात्र पाव वेढ्याचीच. माझी कोठडी उथळ. चाकाखालीं साखळीला निदान फूटभर मोकळी उडी मिळाली नाहीं तर ती आपल्या वजनानें खालीं पडत नाहीं, ढीग होऊन चाकांत अडकते. मोटरीला तेथें जागाच नव्हती. आडवा घेतला. तोहि हातदांड्यानें चालविण्याची सोय असलेला. वीज कोणत्या रात्रीं रुसेल याचा नेम नाहीं.

खरें काम पुढेंच होतें. नौकेचा वरचा तक्ता म्हणजे कांचतंतूंचे दोन पातळ थर आणि मध्यें हलकें बाल्सा लांकूड. त्याला सरळ भोकें पाडून बोल्ट आवळले तर लांकूड दबतें, पाणी मुरतें आणि दोन-तीन पावसाळ्यांत तें कुजून जातें. म्हणून भोकांभोंवतालचें लांकूड कोरून काढलें आणि ती पोकळी एपॉक्सीनें भरली. ती घट्ट झाल्यावर तिच्यांतून भोकें पाडलीं. खालून आधाराला सहा मिलिमीटर जाडीची न गंजणाऱ्या पोलादाची पट्टी लागणार होती. ती गांवांतल्या एका लेथवाल्यानें कापून दिली. त्याचा धंदा यंत्रमागांचे सुटे भाग करण्याचा. पट्टीकडे पाहून तो म्हणाला, “काका, एवढ्या जाड पत्र्याला हत्ती बांधणार काय?” मी म्हटलें, “सहा टनांची नौका बांधणार आहें.” त्यानें कडा गोल करून दिल्या; मीं सांगितलें नव्हतें. दांतेदार चाकें करण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला साखळीच्या चाकाची गोष्ट दोन शब्दांत समजली. पट्टीचा नमुना जाड पुठ्ठ्याचा करून पाहिला तेव्हां नाळेवरील कप्पीपासून येणारी साखळी चाकावर किंचित् वरून उतरते असें दिसलें. खालीं दोन सेंटिमीटरची लांकडी बैठक घातली. पुठ्ठा न कापतां भोकें पाडलीं असतीं तर तीं सगळीं बुजवावीं लागलीं असतीं.

विजेच्या तारांविषयीं मात्र अंमळ आग्रहानें सांगतों, कारण येथेंच बहुतेक जण पैसे वांचवितात. बारा व्होल्टांवर हजार वॉट म्हणजे ऐंशी अँपियरहून अधिक. ओढ पडली कीं नव्वदीच्या पुढें. विद्युत्घट नौकेच्या मध्यावर, रहाट नाळेवर, अंतर आठ मीटर, पण वीज जाते आणि परत येते, म्हणून तार सोळा मीटर धरावी. आमच्या वायरमननें सोळा चौरस मिलिमीटर छेदाची तार आणली. त्या तारेंत दीड व्होल्ट वाटेंतच जिरतात, म्हणजे बारांतला आठवा हिस्सा. मोटर रडत चालते आणि तापते. पन्नास चौरस मिलिमीटरची घातली कीं तोटा अर्ध्या व्होल्टावर येतो. तार जड, महाग आणि वांकवायला हट्टी आहे. तीच घातली. घटाच्या अगदीं शेजारीं स्वयंचलित खटका बसविला. तो नाळेजवळ बसविला असता तर मधल्या आठ मीटरांत तार सोलली गेल्यावर आग लागण्यास कांहींच अटकाव राहिला नसता.

साखळीचें आंतलें टोंक आतां बोल्टानें नाहीं, नायलॉनच्या दोरीनें बांधलें आहे. ती दोरी इतकी लांब ठेवली आहे कीं सगळी साखळी गेल्यावर दोरी वर तक्त्यावर येते आणि चाकूनें कापतां येते. चाकू तेथेंच खोंचलेला असतो.

एक गैरसमज मात्र राहूं नये. रहाट नौकेला नांगरापर्यंत ओढीत नेण्यासाठीं नाहीं. इंजिनानें हळूहळू पुढें जावें, साखळी सैल पडावी, आणि रहाटानें ती केवळ उचलावी. इंजिन चालू असलें कीं विजेचीहि भर पडते. नांगर रुतून राहिला तर साखळी अडवणीला अडकवून नौकेच्या भारानेंच त्याला उपटावें. रात्रीं मुक्कामाला नौकेचा ताण रहाटावर ठेवूं नये. साखळीला आंकड्यानें नायलॉनची दोरी जोडून ती भक्कम खुंट्याला बांधावी. ती ताणते, हिसके गिळते, आणि चाक मोकळें राहतें.

नोव्हेंबरांत पुन्हां राजपुरीला गेलों. मुद्दाम तीच जागा धरली. सकाळीं मी सुकाणूपाशीं बसलों आणि पत्नी नाळेवर गेली. पायाखालचा खटका तिनें दाबला. चाळीस मीटर साखळी तीन मिनिटांत आंत आली. अर्थात् खाडीचा काळा चिखल साखळीबरोबर आलाच, तो आम्ही बादलीनें पाणी ओतून आणि कुंच्यानें घांसून धुतला. त्यासाठीं एक छोटा पंप घ्यावा असें तिचें म्हणणें आहे. दर दहा मीटरवर तिनें साखळीला लाल रंग दिला होता, पैकीं वीस मीटरची खूण चाकाच्या घर्षणानें एवढ्यांतच पुसट झाली. येत्या पावसाळ्यांत साखळी उलट टोंकानें बांधायची आहे, तेव्हां त्या खुणाहि नव्यानें रंगवाव्या लागतील.