गल्ल्यावरचा माणूस



'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही,' असं आपले वाडवडील सांगून गेले. ही म्हण अर्धीच खरी आहे, हे कळायला मला मात्र अर्धा खरीप घालवावा लागला.

मी बदनापूर तालुक्यातला. नोकरी शिक्षकाची, घरी थोडी कोरडवाहू शेती. आपलं जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे 'महिको' सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मृग जवळ आला की बियाण्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते.

कापड चाचपून घेता येतं, मोसंबी हुंगून घेता येते. बियाण्याचं तसं नाही. पिशवीतला चांगला दाणा आणि निकामी दाणा सारखाच दिसतो. म्हणून आपण बियाणं पाहत नाही, गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा पाहतो.

काही वर्षांपूर्वी मीही तेच केलं. वडिलांना घेऊन एका दुकानात गेलो. दुकान चकाचक, मालक कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. "या सर, बसा," म्हणून मला खुर्ची मिळाली, चहा आला. धोतर नेसलेले वडील मात्र पायरीवरच उभे राहिले. ते मी पाहिलं आणि गप्प बसलो, याची आजही लाज वाटते. वडिलांनी विचारलं, "उगवेल ना नीट?" मालक हसला, "आजोबा, कंपनीचा माल आहे, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" पावती मागितली, तर म्हणाला, "पावती कशाला सर? आपण घरचीच माणसं."

दहा दिवसांनी शेतात पाहिलं, तर सोयाबीन जागोजाग उगवलंच नव्हतं. दोष बियाण्याचा, पावसाच्या खंडाचा की पेरणीचा, हे आम्हाला ठरवता येईना. तालुक्याला तक्रार करता आली असती, पण हातात पावती नव्हती आणि पिशव्याही फेकून दिल्या होत्या. २०२० च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, तेव्हा मला माझी ती रिकामी शेतं आठवली.

दुबार पेरणीसाठी दुसऱ्या दुकानात गेलो. दुकान जुनं, औषधांचा वास भरलेला. मालकाच्या अंगात साधा, पण स्वच्छ धुतलेला शर्ट. त्यानं स्टूल पुढे केलं ते वडिलांसाठी. "बसा बाबा. रान कसं आहे? पाऊस किती झाला? बी फार खोल तर गेलं नाही ना?" वडील बोलत होते आणि तो ऐकत होता. मग म्हणाला, "आज एकच पिशवी न्या. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० उगवले, तर बाकीच्या न्यायला या. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका." न मागता पावती दिली, त्यावर लॉट नंबर लिहिला. पिशवीचं लेबल आणि मूठभर बी जपून ठेवायला सांगितलं.

पायऱ्या उतरताना वडील एवढंच म्हणाले, "या माणसानं मला विचारलं तरी." त्यानंतर आमच्या घरचं बियाणं दुसरीकडून आलं नाही.

दुकानदार मित्रांनो, स्वच्छ कपडे घाला, दुकान नीटनेटकं ठेवा. पायरी चढणाऱ्याचं मन तिथेच निम्मं तयार होतं. पण उरलेलं निम्मं, पायरीवर उभ्या असलेल्या धोतरवाल्याशी तुम्ही कसं बोलता, यावर ठरतं. आणि शेतकरी बांधवांनो, चहा जरूर घ्या, पण पावती घेतल्याशिवाय उठू नका. पावतीवर वाण आणि लॉट नंबर आहे का, ते तिथेच वाचा. जो दुकानदार याचा राग धरत नाही, तो आपला.

बोलणाऱ्याची माती विकते खरी, पण एकदाच. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येतं ते ऐकून घेणाऱ्याकडे.