जीवदया आणि वन्यजीवशास्त्र : तरुण पिढीसाठी एक निराळी वाट

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मंदिरात दर्शनाला येणारे लहान मूल मूर्तीखालचे लांछन पाहून तीर्थंकर ओळखायला शिकते. ऋषभदेवांचा वृषभ, श्रेयांसनाथांचा गेंडा, शांतिनाथांचे हरीण, मुनिसुव्रतस्वामींचे कासव, महावीरस्वामींचा सिंह. प्राणिसृष्टीचा हा परिचय त्याला शाळेआधीच घडतो. विवाहाच्या दिवशी बंदिस्त पशूंचा आक्रोश ऐकून नेमिनाथांनी रथ मागे फिरवला आणि गिरनारची वाट धरली, ही कथाही घरोघरी सांगितली जाते. त्याच गिरनारच्या वनात आज सिंहांचा वावर आहे. २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह आढळले. ही गणना करणे, सिंहांच्या आजारांवर लक्ष ठेवणे, गावकरी आणि वन्यप्राणी यांच्यातील संघर्ष कमी करणे, ही सारी शिकलेल्या माणसांची कामे होत. त्या शिक्षणाचे नाव वन्यजीव व्यवस्थापन. व्यापारी घरांत मुलांच्या भवितव्याची चर्चा निघते तेव्हा मात्र हे नाव क्वचितच उच्चारले जाते.

दया अंतःकरणात असली म्हणजे पुरे, मग शिक्षण कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर गिधाडांच्या इतिहासात आहे. १९९० नंतरच्या काळात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली निश्चित झाले. आजारी गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. औषध देणाऱ्याचा हेतू दयेचाच होता. परंतु एका जीवावरील दया अजाणतेपणी लाखो जीवांच्या मृत्यूस कारण ठरली. २००६ मध्ये केंद्र सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्झिकॅम हा सुरक्षित पर्यायही संशोधकांनीच शोधून दिला. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही गुरांपुरती बंदी आली. आगमांनी ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान का दिले, हे या घटनेवरून उमगते. पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाने तर हा धडा कायम ध्यानी ठेवावा.

याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे, ग्रामस्थ आणि निसर्गप्रेमी यांच्या प्रयत्नांतून गिधाडांची घरटी राखली गेली. मोहोपाड्याच्या एका बाजूला रसायनीचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला माणिकगडाचे डोंगर. १९६८ साली घोषित झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्यही फार दूर नाही. ज्या मुलाला या विषयाची ओढ आहे, त्याची पहिली शाळा येथेच आहे.

पुढील शिक्षणाचा मार्ग असा. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी. बारावीनंतर प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी., पशुवैद्यकीय पदवी, अथवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी घेता येते. प्राण्यांची चिरफाड करावी लागेल या संकोचाने अनेक जैन कुटुंबे जीवशास्त्रापासून दूर राहिली. आता विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून हे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे धोरण स्वीकारले आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचे नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठ ही नामांकित ठिकाणे आहेत. प्रवेश मोजकेच असतात, त्यामुळे प्रवेशपरीक्षेची कसून तयारी हवी.

नोकरीचे काय? येथे गोड बोलून चालणार नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय वनसेवेत जाता येते. राज्याच्या परीक्षेतून सहायक वनसंरक्षक वा वनक्षेत्रपाल होता येते. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांत संशोधनाची संधी असते. मात्र प्रारंभीच्या नेमणुका बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. प्राध्यापकी आहे, प्राणिसंग्रहालये आणि बचाव केंद्रे आहेत. शिवाय २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सादर करावा लागतो. त्यासाठी सल्लागार कंपन्यांना जैवविविधतेचे जाणकार लागतात. कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या मुलांना या कामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला ठरावीक विज्ञान विषय, कृषी, वनशास्त्र, पशुवैद्यक वा अभियांत्रिकी यांतील पदवी लागते. केवळ वाणिज्य पदवी चालत नाही. ‘आधी बी.कॉम. होऊ दे, मग पाहू’ या शब्दांत ते दार बंद होते, आणि बंद झाल्याचे घरात कोणाला कळतही नाही. दुकान सांभाळण्यासाठी एक मुलगा हवा, हे खरे; पण दुसऱ्याचे वा मुलीचे मन पक्ष्यांत रमत असेल, तर दहावीच्या निकालापूर्वीच त्यांच्याशी बोलावे. रानातील मुक्कामात आहाराचे आणि चोविहाराचे नियम पाळणे कठीण जाईल, ही काळजीही रास्त आहे. त्यावर मार्ग काढण्याची जबाबदारी मात्र मुलांइतकीच घरच्या वडीलधाऱ्यांची आहे.

पन्नास वर्षांत समाजाने जीवदयेसाठी हात सैल सोडला. चारा, पाणी, औषध यांसाठी दान आले आणि पुढेही येईल. त्याच निधीतून दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या या शिक्षणाचा भार उचलला गेला, तर तेही जीवदयेचेच दान ठरेल. गुराला चारा घालणाऱ्या हाताइतकाच, गिधाड का मेले हे शोधणारा हातही पुण्यवान आहे.

जय जिनेंद्र.