खाडी, सीमा आणि अस्मिता
(भाईंदर पूर्व येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



भाईंदरहून नायगावकडे निघालेली लोकल खाडीपुलावर येते, तेव्हा प्रवाशांच्या मनात कचेरीची वेळ असते, इतिहास नसतो. परंतु हे पाणी एके काळी दोन सत्तांमधील सीमा होते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांना परत मिळाली. पेशवाईच्या अखेरीपर्यंत अलीकडे कंपनी सरकार आणि पलीकडे मराठी राज्य, अशी स्थिती होती. नवघर, गोडदेव, खारीगाव ही साष्टीच्या उत्तर टोकाची, म्हणजे सीमेवरचीच गावे.

त्याआधीचा काळ अधिक कठोर होता. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोनशे वर्षांत देवळे पाडली गेली, सार्वजनिक धर्मविधींवर बंधने आली. परंतु समाज स्वस्थ बसला नाही. भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले. वसईच्या समोर, खाडीच्या दक्षिण तीरावर धारावीचा किल्ला होता. मुंबईतील धारावी नव्हे, तर भाईंदर पश्चिमेला चौक गावाजवळची. वसईची रसद याच तोंडातून येई, म्हणून या टेकडीसाठी पुन्हा पुन्हा झुंजी झाल्या. अखेर १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली.

विजयानंतरचे वर्तनही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मोकळीक मिळाली. लढा परकीय सत्तेशी होता, शेजाऱ्याशी नव्हता.

या शेजाऱ्याची कथाही अस्मितेचीच आहे. उत्तन, डोंगरी भागातील ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, या भूमीचेच, हे त्यांना दाखवायचे होते. नाव परकीय कंपनीचे, आडनावे पोर्तुगीज. परंतु घरातली बोली मराठीच राहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उपासनापद्धती बदलली म्हणून मातीशी असलेले नाते तुटत नाही, याचे याहून निराळे प्रमाण कशाला हवे?

उलट, नाते तुटते ते आपसातील दुहीने. होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. ज्या वसईसाठी मावळ्यांनी प्राण वेचले, तिथेच त्रेसष्ट वर्षांनी स्वातंत्र्य कागदावर गहाण पडले. शत्रूच्या तोफांनी जे साधले नव्हते, ते घरच्या भांडणाने साधले.

आज खाडीवर सीमा नाही. ती मनात उभी राहू पाहते आहे. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला भाषेच्या प्रश्नावरून परस्परविरोधी मोर्चे निघाले. बाहेरून आलेल्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे; भूमीची भाषा शिकणे हे त्या भूमीचे ऋण फेडणेच होय. परंतु भाषा थपडेने शिकवता येत नाही, ती शेजारधर्माने रुजते. आणि जो मराठी माणूस आपल्याच मुलांशी मराठी बोलत नाही, त्याने दुसऱ्याकडून कोणती अपेक्षा करावी?

एखाद्या रविवारी शेजारच्या अमराठी कुटुंबालाही सोबत घेऊन धारावीच्या टेकडीवर जावे. समोर वसईचा तट दिसेल. तिथे उभे राहून मुलांना सांगावे, की सीमा तहांनी आखल्या जातात आणि पुसल्याही जातात. राष्ट्र मात्र माणसांनी एकमेकांना आपले मानल्यानेच उभे राहते.